ह्यू मासेकेला यांचा ‘होप’: स्पीकर तपासून झाल्यावरही ऐकावा असा अल्बम

हाय-फाय यंत्रणेचा नाद असलेल्या मंडळींना दक्षिण आफ्रिकेचे ट्रम्पेटवादक आणि गायक ह्यू मासेकेला हे नाव बहुधा एकाच गाण्यामुळे ठाऊक असते. विक्रेता नवे स्पीकर दाखवताना ‘स्तिमेला’, म्हणजे आगगाडी, हे गाणे लावतो, त्यातले खर्जातले बोलणे, काउबेलचा एकसारखा ठोका आणि छातीवर येऊन आदळणारी आगगाडीची शिट्टी ऐकवतो, आणि गाणे निम्म्यावर आले की आवाज कमी करून किमतीचा विषय काढतो. हे गाणे ज्या अल्बममधले आहे तो ‘होप’ हा १९९३ साली वॉशिंग्टनमधील ‘ब्लूज ॲली’ या जॅझ क्लबात श्रोत्यांसमोर मुद्रित झाला आणि १९९४ साली ‘ट्रायलोका’ या कंपनीने तो बाजारात आणला. नोकरीनिमित्त जोहान्सबर्गमध्ये राहत असताना मी तो पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला, आणि दुकानात ऐकलेल्या तुकड्यापेक्षा संपूर्ण अल्बम कितीतरी मोठा आहे, तसाच काही ठिकाणी सैलही आहे, असे माझे मत झाले.

हा अल्बम कोणत्या वर्षी मुद्रित झाला हे ऐकणाऱ्याने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. नेल्सन मंडेला ११ फेब्रुवारी १९९० रोजी तुरुंगातून सुटले होते, त्याच वर्षी मासेकेला तीस वर्षांच्या परदेशवासानंतर मायदेशी परतले होते, परंतु सर्वांना मताचा अधिकार देणारी पहिली निवडणूक एप्रिल १९९४ पर्यंत व्हायची होती. मधल्या काळात वाटाघाटी आणि रक्तपात हातात हात घालून चालले होते, आणि १९९३ च्या एप्रिलमध्ये वर्णभेदविरोधी लढ्यातले नेते ख्रिस हानी यांची त्यांच्या घरासमोर हत्या झाली होती. अशा वर्षी ठेवलेले ‘आशा’ हे नाव सणासुदीच्या शुभेच्छेसारखे वाटत नाही. त्यात आनंदाइतकीच धास्ती आहे, आणि वादनातही ती जाणवते.

मासेकेला यांचा जन्म १९३९ साली विटबँक या कोळशाच्या खाणींच्या गावी झाला. त्यांची आजी तेथे शेबीन, म्हणजे परवान्याशिवाय चालणारा घरगुती गुत्ता, चालवीत असे, आणि आसपासच्या देशांतून आलेले खाणकामगार सुट्टीच्या दिवशी तेथे पिण्यासाठी, गाण्यासाठी आणि घरची आठवण काढून रडण्यासाठी येत. शाळेत असताना फादर ट्रेव्हर हडलस्टन यांनी या मुलाला ट्रम्पेट मिळवून दिला. पुढे १९५९ साली अब्दुल्ला इब्राहिम, किपी मोएकेत्सी आणि जोनास ग्वांग्वा यांच्यासह ते ‘जॅझ एपिसल्स’ या वाद्यवृंदात वाजवू लागले. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांनी ६९ निःशस्त्र माणसांना गोळ्या घालून ठार केले आणि त्यानंतर देशातले वातावरण असे आवळले गेले की मासेकेला प्रथम लंडनला आणि तेथून न्यूयॉर्कला गेले.

येथून पुढची तीस वर्षे या अल्बमच्या मुळाशी आहेत. आज ज्यांना आपण दक्षिण आफ्रिकेची अभिजात गाणी म्हणतो त्यांपैकी बरीच गाणी त्या भूमीवर मुद्रितच झालेली नाहीत. ‘ग्रेझिंग इन द ग्रास’ ही १९६८ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली धून कॅलिफोर्नियातली आहे. केफस सेमेन्या यांनी रचलेली ‘नोमाली’ १९७२ सालच्या, लंडनमध्ये मुद्रित झालेल्या अल्बममध्ये आली. ‘लांगुता’ १९७३ साली घानाच्या ‘हेडझोले साउंड्झ’ या वाद्यवृंदाच्या साथीने वाजवली गेली. १९८० च्या दशकात मासेकेला मायदेशाच्या सरहद्दीपासून अगदी जवळ, बोत्स्वानाच्या गाबोरोने शहरात येऊन राहिले, आणि १४ जून १९८५ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने त्या शहरावर छापा घालून बारा जणांना मारल्यावर त्यांना तेथूनही निघावे लागले. या गाण्यांतली घराची ओढ अशी वेगवेगळ्या देशांच्या स्टुडिओंत साचत गेली आणि ‘होप’मध्ये प्रथमच, घरी परतण्याची मोकळीक मिळालेल्या माणसाच्या हातून, एका बैठकीत एकत्र आली. निव्वळ निवडक गाण्यांचा संग्रह म्हणून हा अल्बम ऐकला तर हे हाती लागत नाही.

वाद्यवृंद मुख्यतः दक्षिण आफ्रिकी वादकांचा आहे. थेम्बा म्खिझे यांच्या की-बोर्डवर चर्चमधल्या समूहगायनाचे संस्कार स्पष्ट ऐकू येतात, लॉरेन्स मात्शिझा यांची गिटार टाउनशिपमधल्या, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी शहराबाहेर वसवलेल्या वस्त्यांतल्या, नाचाच्या संगीताची आठवण करून देणाऱ्या छोट्या, गोल फिरणाऱ्या आकृती विणत राहते, आणि बकिथी खुमालो यांचा बास त्या सगळ्याला खालून उचलून धरतो. सुरुवातीच्या ‘अबांगोमा’मध्येच कळते की हे लोक एकमेकांचे ऐकत वाजवीत आहेत. तीन-चार स्वरमेळांचे तेच चक्र पुन्हा पुन्हा फिरवीत ठेवून त्यावर नाच उभा करण्याची जोहान्सबर्गची जुनी मराबी पद्धत ज्यांच्या कानांवरून गेलेली नाही त्यांना पहिली काही मिनिटे ही पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटण्याचा संभव आहे. त्यांनी थोडा धीर धरावा, कारण बदल स्वरमेळात घडत नसून ठोक्याच्या वजनात आणि मासेकेला यांच्या फ्लुगलहॉर्नच्या, म्हणजे ट्रम्पेटच्याच जातीच्या वाद्याच्या, श्वासात घडत असतो. त्यांचा या वाद्यावरचा सूर मऊ असला तरी गुळगुळीत नाही, वरच्या सप्तकात तो किंचित फाटतो, आणि मला तो फाटलेलाच अधिक आवडतो.

शेवटाकडे येणारी ‘स्तिमेला’ सुमारे दहा मिनिटांची आहे. ती प्रथम १९७४ सालच्या अल्बममध्ये आली होती, परंतु येथील रूप त्यापुढे फार गेलेले आहे. मासेकेला आधी गात नाहीत, सांगतात. नामिबिया, मलावी, झांबिया, झिम्बाब्वे, अंगोला, मोझांबिक, लेसोथो, बोत्स्वाना, स्वाझीलँड, अशी देशांची नावे ते एखाद्या स्टेशनमास्तराच्या सपाटपणाने उच्चारतात, आणि मग या आगगाडीतून जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींवर करारावर नेल्या जाणाऱ्या तरुण आणि म्हाताऱ्या पुरुषांविषयी बोलू लागतात. जमिनीच्या पोटातले सोळा-सोळा तासांचे काम, लोखंडी ताटल्यांतले अन्न, पिसवांनी भरलेल्या बराकी, आणि पुन्हा दिसतील की नाही हे ठाऊक नसलेली बायकामुले. आवाज कोठेही चढत नाही. तो चढतो गाडीच्या शिट्टीत, जी मासेकेला स्वतःच्या गळ्यातून काढतात, आणि ती ऐकताना अंगावर येते ते केवळ ध्वनिमुद्रणाच्या दर्जामुळे नाही.

मराठी श्रोत्याला येथे कोकणातून गिरणगावात आलेला चाकरमानी आठवणे स्वाभाविक आहे, आणि खोलीतल्या गर्दीपुरते आणि मनीऑर्डरीपुरते ते साम्य खरेही आहे. परंतु चाकरमानी शिमग्याला, गणपतीला गावी जाऊ शके आणि पुढेमागे बिऱ्हाड करून बायकापोरांना आणूही शके. बाहेरच्या देशांतून आलेल्या खाणकामगाराला कुटुंब आणण्यास नियमानेच मज्जाव होता. त्याने खाणीच्या आवारातल्या बंदिस्त वसाहतीत राहायचे आणि करार संपला की परत जायचे, अशी ती व्यवस्था होती. ती चालवणाऱ्या ‘विटवॉटर्सरँड नेटिव्ह लेबर असोसिएशन’चे आद्याक्षरांवरून पडलेले ‘वेनेला’ हे नाव मलावीतील ब्लांटायर शहराच्या बसस्थानकाला आजही चिकटलेले आहे. १९७४ च्या एप्रिलमध्ये याच संस्थेचे कामगारांना घरी नेणारे विमान बोत्स्वानातील फ्रान्सिसटाउन येथे कोसळून सत्तरहून अधिक मलावी मजूर मरण पावले आणि मलावीचे अध्यक्ष बांडा यांनी भरती थांबवली. मासेकेला यांचे मूळ गाणे त्याच वर्षीचे असावे हा योगायोग आहे, पण विसरता येण्यासारखा नाही.

जोहान्सबर्गमध्ये आमच्या इमारतीत लेसोथोचे एक वयस्क सुरक्षारक्षक होते. त्यांना सगळेजण वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात तसे ‘न्ताते’ म्हणत, मीही म्हणत असे. त्यांचे वडील वेल्कमच्या खाणीवर होते हे कळल्यावर मी त्यांना हे गाणे ऐकवले. त्यांनी ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकले, छान आहे म्हणाले, आणि मग वडिलांविषयी बोलू लागले. त्या बोलण्यात आगगाडी फारशी नव्हती. वडील नाताळात घरी येत तेव्हा आणत ती पत्र्याची ट्रंक, घोंगड्या, बॅटरीवर चालणारा रेडिओ, आणि ॲकॉर्डियनच्या साथीने मोठ्या आवाजात म्हटली जाणारी फामो गाणी, हे त्यांना आठवत होते. वडिलांचे गाणे म्हणाल तर ते, असे त्यांनी मला सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर एक खरखरीत ध्वनिमुद्रण ऐकवलेही.

न्ताते यांच्या या बोलण्याने ‘स्तिमेला’ची जागा मला नेमकी समजली. खाणीत उतरणाऱ्या पुरुषांची स्वतःची गाणी वेगळी होती: बासोथो, म्हणजे लेसोथोकडच्या, मजुरांचे फामो, झुलू मजुरांची मस्कांडाची गिटार, आणि वसतिगृहांत शनिवारी रात्रभर चालणाऱ्या स्पर्धांत, पाय न वाजवता हलक्या पावलांनी नाचत गायले जाणारे इसिकाथामिया. याच परंपरेतले सॉलोमन लिंडा यांनी १९३९ साली ‘म्बुबे’ मुद्रित केले, त्याचे हक्क दहा शिलिंगांत गेले, आणि ती चाल पुढे जगभर इतरांच्या नावावर फिरली. ‘स्तिमेला’ त्या पुरुषांचे गाणे नाही. ज्या घरात ते दारू पीत, त्या घराच्या उंबऱ्यावर बसून त्यांच्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलाची ती आठवण आहे, आणि तो मुलगा स्वतः तीस वर्षे परमुलखात राहिल्यावर तिला हा घाट आला आहे. साक्षीदाराची म्हणून ती ऐकली तर तिच्यातले निवेदनाचे अंतर खटकत नाही, उलट तेच तिचे बळ ठरते.

इतर गाण्यांत ‘मंडेला’ सर्वांत बोलके आहे. १९८७ साली ते मंडेला यांच्या सुटकेची मागणी म्हणून प्रसिद्ध झाले. मंडेला यांनी तुरुंगातून मासेकेला यांना पाठवलेले वाढदिवसाचे पत्र त्यामागे होते. १९९३ साली ती मागणी पुरी झालेली असताना तेच शब्द गाताना वादक ज्या मोकळेपणाने खेळतात ते ऐकण्यासारखे आहे. ‘नोमाली’ मात्र हळू, जवळजवळ मनाशी म्हटल्यासारखी आहे, आणि या अल्बममधले माझे सर्वांत आवडते वादन तेच. ‘स्तिमेला’साठी अल्बम घेणाऱ्यांनी ती चुकवू नये.

आता तक्रारी. ‘ग्रेझिंग इन द ग्रास’ची मूळ तबकडी तीन मिनिटांच्या आत आपले काम करून निघून जाते, आणि त्या नेमकेपणातच तिचा तोरा आहे, येथील रूप टाळ्यांसाठी थांबत-थांबत चालते आणि मूळ चालीतला उन्हाळी आळस हरवून बसते. नायजेरियाचे गायक फेला कुटी यांचे ‘लेडी’ ताकदीने वाजवलेले आहे, परंतु स्वतःला ‘लेडी’ म्हणवून घेणाऱ्या आफ्रिकी स्त्रीची थट्टा करणारा त्याचा आशय, घरापासून तोडलेल्या माणसांच्या गाण्यांच्या मध्ये, मला परका आणि काहीसा ओंगळ वाटला. शिवाय श्रोते अमेरिकी असल्यामुळे काही ठिकाणी वादनात पाहुण्यांसमोर घर दाखवण्याचा सूर येतो. जोहान्सबर्गच्या सोवेटो टाउनशिपमधल्या सभागृहात हेच वादक इतके समजावून वाजवतील का, अशी शंका मनात राहते.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. मूळ सीडीचे ध्वनिमुद्रण इतके चांगले आहे की केवळ ध्वनीसाठी महाग आवृत्तीच्या मागे धावण्याची गरज नाही. विनाइलची हौस असेल तर गोष्ट वेगळी. स्ट्रीमिंगवर ऐकताना गाणी उलटसुलट क्रमाने लागण्याची सोय आधी बंद करावी, कारण ‘स्तिमेला’ आधीच्या तासाभराच्या नाचानंतर यावी अशीच तिची जागा आहे. फोनच्या स्पीकरवर बास आणि निवेदनाचा खर्ज दोन्ही नाहीसे होतात, त्यामुळे निदान बऱ्यापैकी हेडफोन तरी हवेत. निवेदन ऐकू यावे म्हणून आवाज वाढवून ठेवला असेल तर शिट्टीच्या आधी तो थोडा कमी करावा, विशेषतः शेजारी झोपलेले असताना. ज्यांना हा अल्बम आवडेल त्यांनी पुढची खरेदी मासेकेला यांचीच करण्याची घाई न करता लेसोथोच्या फामोची एखादी जुनी ध्वनिमुद्रिका शोधावी. ती खरखरीत असेल, आणि कोणत्याही दुकानात स्पीकर दाखवण्यासाठी ती लावली जाणार नाही.