आईच्या डायलिसिसच्या फेऱ्या आणि वॅगन आरला बसवलेलं सीएनजी किट

सोमवार, बुधवार, शुक्रवार आईचं डायलिसिस असतं. पहाटे साडेपाचला सासवडहून निघायचं, दिवेघाट उतरायचा आणि हडपसरची गर्दी जमायच्या आत पुण्यात पोचायचं. सातला तिला मशीनवर घेतात, अकराला सोडतात. जाऊन-येऊन ६७ किलोमीटर. महिन्यात अशा तेरा फेऱ्या, शिवाय दुकानाचा कागद आणायला पुण्याला एखाद-दोन चकरा आणि गावातलं फिरणं. सगळं मिळून १,२०० किलोमीटर होतात. गाडी २०१३ ची पेट्रोल वॅगन आर, घाट आणि शहर धरून लिटरला १५ देते. पेट्रोल १०६ रुपये होतं तेव्हा महिन्याला साडेआठ हजार नुसते पंपावर जात होते. औषधं आणि इंजेक्शनं वेगळी.

सप्टेंबर २०२३ मध्ये गाडीला सिक्वेन्शियल, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणारं, सीएनजी किट बसवलं. त्यानंतरच्या दीड वर्षाचा हा अनुभव. ज्यांच्या घरी असाच कायमचा पेशंट आहे आणि आठवड्याच्या फेऱ्या ठरलेल्या आहेत, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिते आहे.

आधी कागदांचं सांगते, कारण माझं दुकानच झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं आहे. दुसऱ्यांच्या गाड्यांचे अर्ज भरताना अडकलेली माणसं मी रोज बघते. पहिल्या गॅरेजने ४२ हजार सांगितले. मी गॅसच्या टाकीचं सर्टिफिकेट मागितलं. मालक म्हणाले, "ताई, टाकी वापरलेली आहे पण टेस्ट केलेली आहे, सर्टिफिकेट नंतर देतो." टाकीवर कोरलेला नंबर मी फोनमध्ये टिपला आणि या नंबरचं सर्टिफिकेट आधी दाखवा, मग बघू, असं सांगून निघाले. ते कधी आलं नाही. २०० बारच्या दाबाचा गॅस आईच्या पाठीमागे घेऊन मी घाट चढणार आहे. तिथे चार पैसे वाचवणं मला मान्य नव्हतं.

दुसरीकडे ५८ हजार लागले. त्यात नवी टाकी, किट, बसवण्याची मजुरी आणि आरटीओचं काम आलं. पैसे देण्याआधी मी तीन गोष्टी पाहिल्या. टाकीला पेसोची म्हणजे नागपूरच्या स्फोटके विभागाची मान्यता आहे का, आणि टाकीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतो का. किटची मंजुरी आपल्या इंजिनला लागू पडते का. ही मंजुरी पुण्यातल्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत चाचणी होऊन मिळते आणि ती कुठल्याही किटला कुठल्याही गाडीसाठी चालत नाही. आणि आरसीवर इंधन 'पेट्रोल/सीएनजी' असं चढवून देणार की नाही. माझी गाडी बीएस-४, म्हणजे प्रदूषणाच्या आधीच्या निकषांची, असल्याने अडचण आली नाही. बीएस-६ गाड्यांना बाहेरून किट बसवायची परवानगी २०२२ मध्ये मिळाली, त्यामुळे नव्या गाडीवाल्यांनी आपल्या मॉडेलसाठी मंजूर किट आहे का हे आधी विचारावं.

आरसी झाली की विमा कंपनीला कळवायला विसरू नका. किटच्या किमतीवर चार टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये, वर जीएसटी, एवढाच प्रीमियम वाढतो. हे न केलेल्या दोघांचे क्लेम अडकलेले मी दुकानात बसून पाहिलेत.

बसवायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारभर मी तिथेच स्टुलावर बसून होते. मिस्त्री वयाने लहान पण हाताने सावकाश. मी विचारेन ते समजावून सांगत होता. टाकीतला २०० बारचा दाब रिड्यूसर साधारण दोन बारवर आणतो. दाब असा एकदम उतरला की गॅस बर्फासारखा गार पडतो, म्हणून इंजिनचं गरम कूलंट रिड्यूसरमधून फिरवलेलं असतं. गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि कूलंट तापलं की आपोआप गॅसवर जाते, त्याचं कारण हेच. शेवटी लॅपटॉप जोडून गाडी रस्त्यावर पळवली आणि मॅपिंग केलं, म्हणजे इंजिनला कधी किती गॅस सोडायचा ते बसवून दिलं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हे. गाडी उभी ठेवून, नुसती रेस करून मॅपिंग 'झालं' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

आता डिकीबद्दल. हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं आणि मीही नीट विचार केला नव्हता. ६० लिटरची टाकी म्हणतात ते पाण्याचं माप. गॅस त्यात आठ, फार तर साडेआठ किलो बसतो. ती टाकी डिकीत आडवी बसली आणि तिच्यापुढे राहिली दोन पिशव्यांची जागा. आईची घडीची व्हीलचेअर आधी डिकीत आडवी जायची. किट बसवून गाडी घरी आणली, शुक्रवारी पहाटे अंधारात खुर्ची घडी करून आत ठेवायला गेले तर दरवाजा लागेना. उभी ठेवून पाहिली, चाकं काढून पाहिली. आई अंगणात उभी, शाल गुंडाळून, एक हात भिंतीला. ती म्हणाली, "मागच्या सीटवर टाक गं, मी पुढे बसते." त्या दिवसापासून खुर्ची मागच्या सीटवर सीटबेल्ट लावून जाते आणि आई पुढे बसते. पुढच्या सीटवरून उतरणं तिला सोपं पडतं आणि घाटात मस्तानी तलाव दिसला की ती पाणी किती आहे ते सांगते. पण मागे आता एकच माणूस बसू शकतं. मुलगा सोबत असला की धाकटीला घरी ठेवावं लागतं. सीताफळाच्या दिवसांत मामांच्या मळ्यातून क्रेट आणायचो, तेही बंद झालं. किट बसवायच्या आधी तुमच्या डिकीत जे जे जातं ते सगळं गॅरेजमध्ये घेऊन जा आणि रिकामी टाकी आत ठेवायला लावून प्रत्यक्ष बघा. मी हे केलं असतं तर त्या पहाटे आई पंधरा मिनिटं थंडीत उभी राहिली नसती.

स्टेपनीही मिस्त्रीला टाकीच्या स्टँडवर उभी लावायला लावली. आधी ती टाकीखालच्या जागेतच राहणार होती, म्हणजे पंक्चर झालं की स्टँडचे नट खोलत बसायचं. घाटात आईला गाडीत बसवून ते शक्य नाही.

गॅस भरण्याचं मात्र आमच्या बाबतीत चांगलं जुळून आलं. पंपावर गॅस भरताना गाडीतल्या सगळ्यांनी उतरायचं असतं, हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण डायलिसिसनंतर आईचं बीपी खाली असतं. तिला उतरवून रांगेच्या कडेला उभं करणं मला जमणार नाही. म्हणून आई गाडीत असताना मी कधीच गॅस भरत नाही. तिला मशीनवर घेतलं की मी सव्वासातला पंपावर जाते. ते चार तास मी एरवी हॉस्पिटलच्या बाकावर काढतच होते. सकाळी रांग असली तरी अर्ध्या-पाऊण तासात नंबर लागतो, प्रेशर चांगलं असतं आणि हवा गार असल्याने टाकीत गॅसही जास्त बसतो. संध्याकाळी एकदा गेले होते तर रिक्षांची रांग रस्त्यापर्यंत, आणि नंबर आला तेव्हा प्रेशर इतकं कमी की साडेपाच किलोवरच मीटर थांबलं. ज्या पंपावर पाइपलाइन पोचलेली नाही तिथे ट्रकवरच्या टाक्यांतून गॅस येतो, आणि त्या रिकाम्या होत आल्या की असं होतं. पाइपलाइनवरचा पंप कुठला, हे रिक्षावाल्या दादांना विचारा, ते बरोबर सांगतात. तुमच्याकडे असा रिकामा वेळ नसेल, पेशंटला सोडून लगेच कामावर जायचं असेल, तर रांगेत जाणारे आठवड्याचे तास हिशोबात धरा.

गॅसवर गाडी किलोला २२ देते. एका टाकीत दोन फेऱ्या होतात आणि थोडा गॅस उरतो.

पिकअप कमी होतो, हे अगदी खरं आहे. सपाट रस्त्यावर जाणवत नाही, पण परतीला दिवेघाट चढायचा असतो, दुपारचे बारा वाजलेले असतात आणि आईसाठी एसी चालू ठेवावाच लागतो. जिथे गाडी तिसऱ्या गिअरवर चढायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो. रुंदीकरणाच्या कामामुळे चढावर थांबून पुन्हा गाडी उचलायची वेळ आली की गॅसवर ती अडखळते. त्यामुळे घाटाच्या पायथ्याचं वडकी सोडताना मी बटण दाबून पेट्रोलवर घेते आणि घाटमाथ्यावर पुन्हा गॅसवर. पाच किलोमीटरचं पेट्रोल जातं, पण मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकत आईला दचकवत चढायचं नाही. इंजेक्टरही त्यामुळे चालते राहतात. टाकीत पाव टाकी पेट्रोल मी कायम ठेवते, कारण पेट्रोलचा पंप टाकीत असतो आणि त्याला थंड ठेवायला पेट्रोलच लागतं. काटा कायम खाली ठेवणाऱ्यांचे पंप जळतात.

दोन तक्रारीही सांगते. तिसऱ्याच दिवशी गाडीच्या मागे उभी असताना गॅसचा वास आला. आत वास नव्हता. टाकीच्या तोंडावर पिशवीसारखं आवरण असतं आणि त्याची नळी गाडीखाली बाहेर काढलेली असते, त्यामुळे गळती झाली तर गॅस बाहेर जातो. ती व्यवस्था किती महत्त्वाची आहे ते त्या दिवशी कळलं. टाकीचा व्हॉल्व्ह हाताने बंद करून पेट्रोलवर गॅरेजला नेली. साबणाचं पाणी लावल्यावर एका नटाला बुडबुडे आले. नट आवळला, बाकीचे सगळे सांधेही तपासले. पाच मिनिटांचं काम, पण ते गाडी ताब्यात देतानाच व्हायला हवं होतं आणि हे मी मिस्त्रीला स्पष्ट सांगितलं. त्याने कारण दिलं नाही, चूक मान्य केली. तुम्ही गाडी ताब्यात घेताना साबणाच्या पाण्याची तपासणी समोर उभं राहून करून घ्या आणि टाकीचा व्हॉल्व्ह कसा बंद करायचा ते स्वतःच्या हाताने करून बघा. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ते आलं पाहिजे. आमच्याकडे मुलालाही शिकवलंय.

दुसरी तक्रार पाचव्या महिन्यातली. पेट्रोलवरून गॅसवर जाताना गाडी झटका द्यायला लागली, एकदा हडपसरच्या सिग्नलला बंदच पडली. कूलंट कमी झालं होतं, रिड्यूसर तापत नव्हता. कूलंट भरलं, गॅसचा फिल्टर बदलला, मॅपिंग पुन्हा केलं. त्यानंतर त्रास नाही. स्पार्क प्लग मात्र लवकर बदलावे लागतात आणि एअर फिल्टर दर महिन्याला झटकायचा.

भरलेली टाकी आणि स्टँड मिळून सत्तरेक किलो मागे कायमचे बसलेत. गतिरोधकावर गाडी मागून टेकायची आणि आईच्या कमरेला हिसका बसायचा. मागच्या स्प्रिंगना रबराचे स्पेसर घातले, फरक पडला, पण मागचे शॉकअप बदलायला झालेत असं मला वाटतं. ते या महिन्यात करणार आहे.

पैशांचा हिशोब असा. आता गॅस आणि पेट्रोल मिळून महिन्याला पाच हजार, फार तर सव्वापाच. किट बसवलं तेव्हा गॅस किलोला ८६ च्या आसपास होता, दीड वर्षाने ८९ च्या आसपास झाला. महिन्याला सव्वातीन हजार वाचतात. अठराव्या महिन्यात किटचे पैसे फिटले. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते. आमची सप्टेंबर २०२६ ला आहे. तिची तारीख गॅस भरायच्या नळीजवळच्या प्लेटवर असते आणि पंपावरची मुलं ती बघतात. ती तारीख मी दुकानातल्या कॅलेंडरवर आईच्या रक्ततपासण्यांच्या तारखांसोबत लिहून ठेवली आहे.

गेल्या महिन्यात मावसभाऊ आईला बघायला आला आणि गाडी उघडून सगळं न्याहाळून गेला. त्यालाही बसवायचंय. त्याची गाडी महिन्याला तीनशे किलोमीटर चालते आणि सुट्टीत सहा माणसांचं सामान घेऊन कोकणात जाते. त्याचे महिन्याला आठशे-साडेआठशे वाचतील, पैसे फिटायला जवळजवळ सहा वर्षं, तेवढ्यात एक हायड्रो टेस्ट होऊन जाईल आणि डिकी गेलेली असेल. मी त्याला कागदावर मांडून दाखवलं आणि नको बसवू म्हणून सांगितलं.