‘बाउन्स बॅक’चं कार्ड: समानार्थी भरपूर, वापराचं काय?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी मिळणाऱ्या फ्रेझल व्हर्ब (क्रियापद आणि ‘बॅक’, ‘ओव्हर’सारखा छोटा शब्द यांची इंग्रजी जोडी) कार्डांच्या एका संचाविषयी. कागद जाड, अक्षर ठसठशीत, कोपऱ्यातल्या भोकात कडी ओवलेली. पीएमपीच्या बसमध्ये उभ्या उभ्या एका हाताने उलटता येतात. खोट मजकुरात आहे. ‘बाउन्स बॅक’चंच कार्ड बघा.

अर्थ दिलाय ‘उसळी घेणे’. सोन्याचा भाव आधी न पडताही उसळी घेतो. बाउन्स बॅकला आधी पडणं लागतं. ‘पडून लवकर सावरणे’ असं हवं होतं. त्यातलं ‘लवकर’ सोडायचं नाही. उदाहरणात पुणे 1961च्या पानशेतच्या पुरातून ‘बाउन्स्ड बॅक’ झालंय. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती नव्याने वसवाव्या लागल्या, ते काही झटपट सावरणं नव्हे. तिथे ‘रिकव्हर्ड’च शोभतं.

मागच्या बाजूला रिकव्हर, रिबाउंड, पुल थ्रू, गेट ओव्हर एका ओळीत, जणू कुठलाही कुठेही चालेल. रिबाउंड शेअर बाजाराला, रुपयाला बसतो. पुल थ्रू म्हणजे जिवावरच्या दुखण्यातून वाचणं. सर्दीसाठी वापरलात तर ऐकणारा घाबरेल. बाउन्स बॅक आणि रिकव्हर यांच्यापुढे ‘फ्रॉम’ येतो, गेट ओव्हरपुढे येत नाही: ‘गेट ओव्हर द फ्लू’. मराठीतला ‘आजारातून’ डोक्यात असतो, म्हणून मुलं तिथेही फ्रॉम चिकटवतात. आणि रिकव्हरचा फ्रॉम गाळून ‘आय रिकव्हर्ड माय इलनेस’ लिहिलं, की हरवलेला आजार परत मिळवल्यासारखं होतं!

सर्वांत जास्त खटकतं ते हे, की या अर्थी क्रियापद अकर्मक आहे याचा कार्डावर उल्लेखच नाही. ‘द न्यू मॅनेजर बाउन्स्ड बॅक द कंपनी’ ही हमखास होणारी चूक. तिथे ‘रिव्हाइव्ह्ड’ किंवा ‘टर्न्ड अराउंड’ हवं. मध्ये ‘राइट’ मात्र खुशाल शिरतो: ‘शी बाउन्स्ड राइट बॅक’. उच्चार ‘बाउन्सेड’ नाही, ‘बाउन्स्ट’, जोर ‘बॅक’वर. न पोचलेला ईमेल बाउन्स बॅक होतो, खात्यात पैसे नसले की चेक नुसता बाउन्स होतो. हा फरकही द्यायला हवा होता.

समानार्थी शब्दाचा पर्याय निवडायचा असेल तर हा संच पुरेसा आहे, जरूर घ्या. वाक्यातली चूक शोधायच्या प्रश्नांसाठी मात्र प्रत्येक कार्डामागे ‘फ्रॉम’ लागतो का आणि कर्म चालतं का, हे पेन्सिलीने स्वतः लिहून ठेवावं लागेल. मागची बाजू गुळगुळीत नाही, लिहिता येतं.