आकडा १९२ दाखवत होता, तंबोरा मात्र तुटत होता

गाणं वाजवायला नवा डबा घरी आणला, त्या पहिल्याच संध्याकाळी अण्णांनी सांगितलं होतं, "तंबोरा तुटतोय गं." आणि मी म्हटलं होतं, "मशीन कोरं आहे अण्णा. उद्या तुमचे कान दाखवून येऊ." हे आधीच लिहून टाकते, कारण पैसे गेल्यापेक्षा हे बोलल्याचं मला जास्त लागलं आहे.

अण्णांनी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पस्तीस वर्षं तंबोऱ्यांच्या जवारी लावल्या. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवायचा आणि नाद खुलला की हात थांबवायचा. हे काम कानांचंच. अशा माणसाला मी डबा कोरा आहे म्हणून गप्प केलं.

आमच्याकडे तीनशे बारा कॅसेटी होत्या. मिरजेच्या दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला होणाऱ्या संगीत सभा, घरगुती बैठका, रेडिओवरून घेतलेलं गाणं. लॉकडाऊनमध्ये मी एकेक कॅसेट लावून सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटं लागतातच, त्यात घाई चालत नाही. सीडीच्या दर्जाने, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटला, फ्लॅक फाइली करून ठेवल्या, म्हणजे आवाजातलं काही न गाळता साठवणाऱ्या. पण कॉम्प्युटर माडीवर आणि अण्णांचा जुना अँप्लिफायर नि दोन स्पीकर खाली सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना जिना चढवत नाही. माडीवरचं गाणं खाली सोप्यात वाजावं, एवढीच माझी गरज होती.

पुण्यातल्या एका दुकानदाराने 'नेटवर्क स्ट्रीमर' दाखवला. जाड काळा डबा, हातात घेतला की वजनदार, आणि समोर चालू फाइलचा दर्जा दाखवणारा निळा आकडा : २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. "ताई, तुमची फाइल वायफायवरून जशीच्या तशी डब्यात येणार. कॉम्प्युटर फक्त गोदाम." किंमत बेचाळीस हजार. दुकानात वाजवून दाखवलं तेव्हा आवाज सुरेख होता. त्याचा कॉम्प्युटर त्याच टेबलावर डब्यापासून चार फुटांवर होता, हे तेव्हा दिसूनही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मध्ये सिमेंटचा स्लॅब असताना काय होईल, हे तिथे कळणारच नव्हतं.

बिलाचं विचारलं तर म्हणाला, "बिल केलं की अठरा टक्के जीएसटी वर चढेल, उगाच कशाला? कोटेशन देतो, त्यावरच वॉरंटी लिहितो." मी वीस हजार रोख दिले आणि बावीस हजार त्याने सांगितलेल्या नंबरवर यूपीआयने. तो नंबर दुकानाचा नव्हता, कुणाच्या तरी खासगी खात्याचा होता. नाव स्क्रीनवर आलं होतं, मी वाचलंही होतं.

त्याचा माणूस येऊन जोडून गेला. राउटरपासून डब्यापर्यंत लॅनची, म्हणजे नेटवर्कची केबल टाकली, माडीवर कॉम्प्युटरपाशी अर्धा तास बसला, माझ्या फोनवर एक ॲप घातलं. फोनवर बोट ठेवलं की सोप्यात यमन सुरू. मला भरून आलं होतं.

मग एकेक गोष्ट खटकायला लागली. आईने ओव्हनमध्ये दूध गरम करायला ठेवलं की गाणं तुटायचं. आमचं स्वयंपाकघर जिन्याच्या पायथ्याशी आहे. भैरवी चालू असताना मध्येच 'टिंग' वाजायचं, अगदी माझ्या कॉम्प्युटरवर मेल आल्यावर वाजतं तसंच. आणि तो निळा आकडा कधी हलायचाच नाही. माझी एकही फाइल १९२ची नाही, तरी आकडा १९२. गाणं बंद केलं तरी १९२. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "जुन्या बांधकामाचा प्रॉब्लेम आहे ताई, बूस्टर लावू." साडेचार हजारांचा अँटेना आला. त्याने आठ दिवस बरं वाटलं, किंवा बरं वाटावं असं मलाच वाटत होतं.

खरं उघडं पडलं ते इंटरनेटवाल्यामुळे. तो राउटर बदलायला आला, जुना काढून पिशवीत टाकला, नवा जोडायला त्याला तासभर लागला. मी चहा घेऊन बाहेर आले तर सोप्यात राउटर नाही, भिंतीवर नुसती वायर लोंबतेय आणि अण्णांचा मारवा चालू! नेटवर्कच नाही तर हे नेटवर्कवरून येतंय कुठून?

माडीवर गेले. कॉम्प्युटरच्या मागे, धुळीत, नखाएवढा काळा तुकडा यूएसबीला लावलेला होता. ब्लूटूथचा डोंगल. बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळतो. आवाजाच्या सेटिंगमध्ये पाहिलं, तर सगळा आवाज ब्लूटूथवर पाठवलेला. म्हणजे फाइल डब्याकडे जातच नव्हती. गाणं कॉम्प्युटरच वाजवत होता, फोन त्याला फक्त हुकूम देत होता आणि कॉम्प्युटरचा सगळा आवाज, मेलच्या टिंगसकट, हवेतून खाली फेकला जात होता. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन दोघांचं काम २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, म्हणून दूध तापलं की गाणं तुटायचं. शिवाय साध्या ब्लूटूथवर आवाज पुन्हा एकदा दाबला जातो. सीडीचा आवाज सेकंदाला सुमारे १४११ किलोबिटचा, साध्या ब्लूटूथवर तो तीनशेच्या आसपास उतरतो. चौदा महिने बसून मी जे जपलं होतं ते शेवटच्या तीस फुटांत सांडत होतं.

भाच्याने डब्याचे चार स्क्रू काढले. आत काड्यापेटीएवढी हिरवी पट्टी, तीत ब्लूटूथची चिप. लॅनच्या सॉकेटला मागे एकही तार नव्हती, नुसतं भोक बुजवायला बसवलेलं. निळ्या आकड्यामागे एक दिवा आणि कापलेलं प्लास्टिक. आणि तळाला गोंदाने चिकटवलेली लोखंडाची जाड पट्टी, वजनासाठी. ती पट्टी अण्णांनी हातात घेतली, बोटाने वाजवून पाहिली आणि काही न बोलता टेबलावर ठेवली.

अशी वस्तू घ्यायची असेल तर दुकानातल्या वाजवण्यावर विश्वास ठेवू नका. आपल्या घरी, आपल्या खोलीत, आपली फाइल वाजवून घ्या आणि पैसे देण्याआधी गाणं चालू असताना राउटर बंद करायला सांगा. नेटवर्कवरचं यंत्र असेल तर साठवलेलं तेवढं, काही सेकंद किंवा फार तर काही मिनिटं, वाजून गप्प होईल. त्यानंतरही वाजतच राहिलं तर लगेच हात आखडता घ्या. कॉम्प्युटरवर मुद्दाम दुसरा काही आवाज करा, तो स्पीकरमधून येता कामा नये. खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली हवी, तो नियमच आहे. माझ्या डब्याचं खोकं कोरं होतं. आणि बिल. कितीही टक्के वाचवून देत असेल तरी बिल घ्याच.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानदाराने उत्तर दिलं की अशी वस्तू आम्ही विकलीच नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची असते. माझ्याकडे यूपीआयची नोंद आहे, व्हॉट्सॲपवरचे त्याचे निरोप आहेत, कोटेशनचा कागद आहे. रोख दिलेल्या वीस हजारांचा मात्र कसलाच पुरावा नाही.

गाण्याची सोय भाच्यानेच केली. त्याच्याकडे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर पडून होता, त्यावर एक डॅक, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी पट्टी, बसवला आणि तांबडी-पांढरी केबल अण्णांच्या अँप्लिफायरला जोडली. माडीवरच्या कॉम्प्युटरवर लिरियन म्युझिक सर्व्हर हा नेटवर्कवरून गाण्याच्या फाइली पाठवणारा प्रोग्राम घातला, तो फुकट मिळतो. आता खरोखर फाइलच खाली येते. पहिल्या दिवशी मी ओव्हन मुद्दाम पाच मिनिटं चालू ठेवला. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. षड्ज लागल्यावर म्हणाले, "हा. आता चार तारा आहेत."

मागच्या महिन्यात कामासाठी पुण्याला गेले होते. त्या दुकानाच्या काचेत तसाच डबा ठेवला आहे. चालू आहे, काही वाजत नाही आणि आकडा १९२.