तीन डिले टाक्यांची यंत्रणा: दोन वर्षं रोज हाताळल्यावर

मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात विकिरण सुरक्षा अधिकारी आहे. थायरॉईडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ घेतलेले पेशंट आमच्या तीन खोल्यांत राहतात. डोसचा मोठा भाग पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे बाहेर पडतो. ते पाणी आम्ही थेट गटारात सोडत नाही, किरणोत्सर्ग कमी होईपर्यंत या डिले टाक्यांत साठवून ठेवतो.

हिशोब साधा आहे. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस, म्हणजे दर ८ दिवसांनी त्याचा किरणोत्सर्ग निम्मा होतो. ८० दिवस थांबलं की दहा अर्धायुष्यं होतात आणि साधारण हजारावा भाग उरतो. दहा-दहा हजार लिटरच्या तीन टाक्या, प्रत्येक भरायला ४० दिवस. तिसरी भरेपर्यंत पहिलीचे ८० दिवस होतात. मग नमुना मोजायचा आणि मर्यादेत असेल तरच सोडायचं.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नमुन्याचा नळ. आधीच्या नोकरीत मॅनहोल उघडून, दोरीला बाटली बांधून नमुना काढावा लागायचा. वाकलं की तोंड थेट टाकीवर. इथे शिशाच्या आडोशामागे कमरेच्या उंचीवर नळ आहे, खाली ट्रे आहे, अर्ध्या मिनिटात काम होतं. झडपाही विचार करून दिल्यात: टाकीत पाणी येत असताना तिची सोडायची झडप उघडतच नाही. भोवतीच्या कठड्यात एका पूर्ण टाकीचं पाणी मावतं.

पातळी दाखवणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर मात्र बेभरवशाचा. बाथरूम धुतल्यावर साबणाचा फेस टाकीत येतो आणि हा फेसालाच पाणी समजतो. एकदा रात्री अलार्म वाजला, पडद्यावर ९४ टक्के. धावत गेले तर तळाच्या दाबमापकावर टाकी जेमतेम अर्धी. तीन तक्रारींनंतर कंपनीने दाबावर चालणारा सेन्सर बसवून दिला. तो पहिल्यापासूनच द्यायला हवा होता.

एकदा ओला वाइप अडकून मैला बारीक करणारा पंप बसला. सर्व्हिस इंजिनिअर त्याच दिवशी तो उघडायला निघाला होता. मी पंपाच्या बाहेरून रीडिंग घेतलं आणि नाही म्हटलं. राखीव पंप सुरू केला आणि हा २४ दिवस तसाच ठेवला. तीन अर्धायुष्यं, म्हणजे आठवा भाग उरला, मग उघडला. त्याचे हात त्यात जाणार होते, घाई कसली? राखीव पंपाशिवाय अशी यंत्रणा घेऊच नका.

पण खरी अडचण टाकीच्या आधीच होती. मागच्या पावसाळ्यात एक टाकी २६ दिवसांतच भरली. याच वेगाने चाललं असतं तर पाण्याला ८० ऐवजी ५२ दिवस मिळाले असते, आणि हजाराव्याऐवजी नव्वदावा भाग उरला असता. पेशंट तेवढेच होते. शेवटी रिकाम्या खोल्यांच्या फ्लशटाक्यांत निळा रंग टाकला. मधल्या खोलीत दहा मिनिटांत भांड्यात निळी रेघ उतरली. एक झिजलेला वायसर, आणि त्यातून रोज सव्वाशे-दीडशे लिटर स्वच्छ पाणी आमच्या टाकीत येत होतं! एवढ्या महागड्या यंत्रणेत खोल्यांत येणाऱ्या पाण्याला एक साधा मीटर नाही, ही माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव आहे.

ल्युटेशियम-१७७ हे कॅन्सरवरचं दुसरं किरणोत्सर्गी औषध. ते घेतलेल्या पेशंटचं पाणीही इथेच घ्यायचं असेल तर आधी ते कोणत्या पद्धतीने बनवलेलं आहे ते विचारा. काही प्रकारांत ल्युटेशियम-१७७एम थोडंसं असतं आणि त्याचं अर्धायुष्य १६० दिवस आहे. त्याच्यापुढे ८० दिवस काहीच नाहीत.

मीटर आम्हीच लावले, कमी पाण्याचे फ्लशही बसवले. रोज सकाळी तिन्ही आकडे मी वहीत लिहिते. मागची टाकी भरायला ४३ दिवस लागले.