सासवडचा सायकल फेरा: 50 किलोमीटरचा की 105 चा?

सासवडहून निघायचं, वाटेत कऱ्हाकाठची जुनी गावं आणि शिवार बघायचं आणि पुन्हा सासवडलाच यायचं, यासाठी दोन फेरे चांगले आहेत. छोटा फेरा सासवड–जेजुरी–बेलसर–वाघापूर–सासवड, 45 ते 50 किमी. मोठा सासवड–जेजुरी–मोरगाव–सुपे–चौफुला–यवत–भुलेश्वर–माळशिरस–सासवड, साधारण 105 किमी (हे माळशिरस पुरंदर तालुक्यातलं). जेजुरीपर्यंतचे 17 किमी दोन्हीकडे तेच, पालखी महामार्गाचे.

छोटा फेरा पठार सोडत नाही. चढउतार आहेत, पण उतरून ढकलत न्यावं असा चढ नाही. बेलसर-वाघापूरच्या अंगाला अंजीर, सीताफळ, वाटाण्याची शेतं लागतात. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच मुलखाचं. ताशी 18 किमीच्या चालीनं थांबे धरून चार तासांत परत येता येतं. हायब्रिड सायकल (रोड आणि माउंटन सायकलीच्या मधली), एक सुटी ट्यूब आणि दोन बाटल्या पाणी एवढ्यावर भागतं. पहिल्यांदाच 40 किमीच्या पुढे जाणाऱ्यांनी हाच फेरा घ्यावा.

मोठ्या फेऱ्यात मुलूखच बदलत जातो, आणि त्याची खरी मजा तीच. जेजुरीपासून मोरगावपर्यंत कऱ्हेच्या सोबतीनं हलका उतार आहे. पुढे सुप्याच्या बाजूला कोरडी माळरानं लागतात, ज्वारी-बाजरीची शेतं दिसतात आणि जवळच चिंकाऱ्यांसाठी राखलेलं मयूरेश्वर अभयारण्य आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतलं सुपे ते हेच. चौफुल्याकडे उतरलात की कालव्याचं पाणी आणि ऊस सुरू होतो, गुऱ्हाळांचा वास येतो. यवतपासून मात्र सगळा उतार वसूल होतो: भुलेश्वरच्या घाटात थोडक्या अंतरात 200 मीटरच्या वर चढायचं असतं आणि देवळाकडचा फाटा त्याहून उभा आहे. तोवर पायांत 70 किमी मुरलेले असतात. पुढे 34 दात्यांची चेनरिंग (पायडलजवळचं चक्र) आणि मागच्या चाकावरच्या कॅसेटमध्ये, म्हणजे चक्रांच्या संचात, सर्वांत मोठं चक्र किमान 28, शक्यतो 32 दात्यांचं हवं. मागे 25 च असेल तर गुडघे बोलायला लागतात. देऊळ यादवकालीन आहे, त्यातल्या कोरीवकामासाठी अर्धा तास राखून ठेवा. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाच्या दौलतमंगळ किल्ल्याचे अवशेषही तिथेच आहेत.

मोठा फेरा घ्यायचाच, तर वर दिलेल्या क्रमानंच घ्या. चौफुला ते यवत हे सुमारे 12 किमी पुणे–सोलापूर महामार्गाचे आहेत. सुप्याकडून आलात तर चौफुल्याला डावीकडे वळून महामार्गाला लागता आणि यवतला डावीकडेच भुलेश्वरच्या रस्त्याला लागता. भरधाव गाड्यांसमोरून रस्ता एकदाही ओलांडावा लागत नाही. उलट्या दिशेनं हीच दोन्ही वळणं उजवी होतात. घाट सकाळीच उतरून मोकळं होऊ, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण मग मोरगाव ते सासवड हा 34 किमीचा लांबट चढ भर दुपारी वाट्याला येतो. त्यापेक्षा दमलेल्या पायांनी घाट परवडला.

वेळेचं गणित पक्कं ठेवा. पहाटे साडेपाचला दिवे लावून निघा आणि साडेनऊपर्यंत चौफुला गाठा. अकरा वाजून गेले असतील, तर भुलेश्वरचा नाद सोडून केडगाव स्टेशन गाठावं. ते चौफुल्यापासून जवळ आणि पुणे–दौंड मार्गावर आहे. छोट्या फेऱ्यात अशी सोय जेजुरी स्टेशनची, पुणे–मिरज मार्गावर. मोरगाव ते चौफुला सावली जवळजवळ नाही: तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, त्यात चिमूटभर मीठ, आणि मोरगावला बाटल्या भरल्याशिवाय पुढे सरकू नका.

पंक्चर बहुतेक वेळा बाभळीच्या काट्यानं होतं. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून कापडाच्या बोळ्यानं चाचपा. बोट फिरवलंत तर काटा बोटात शिरेल, आणि काटा आत राहिला तर नवी ट्यूबही थोड्या अंतरावर बसेल. मोठ्या फेऱ्यासाठी 28 ते 32 मिमीचे टायर, दोन ट्यूब आणि ठिगळांचा डबा घ्या. सत्तर किलोच्या स्वाराला 28 मिमी टायरमध्ये 75 पीएसआयच्या आसपास हवा पुरते. 100 भरली तर खडबडीत डांबरावर हात बधिर होतात.

हंगाम ठरवताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन्ही फेऱ्यांना उत्तम. मात्र याच काळात ऊसगाळप चालू असतं आणि सुपे–चौफुला पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. ट्रॉलीच्या आडोशाला वारा लागत नाही म्हणून मागे चिकटून चालवू नका: वरून मोळी घसरते, आणि ब्रेक लागल्याचा दिवा दिसेलच असं नाही. मार्चपासून दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो, तो माळशिरस–सासवडच्या शेवटच्या टप्प्यात तोंडावर येतो. तेव्हापासून छोटाच फेरा बरा.

आषाढी वारीच्या दिवसांत मोठा फेरा टाळा. सासवड–जेजुरी हा ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मार्ग आणि यवतचा पट्टा तुकाराम महाराजांच्या पालखीचा, म्हणजे दोन्ही बाजू वारकऱ्यांनी भरलेल्या असतात. सोमवती अमावस्या आणि चंपाषष्ठीला जेजुरी, चतुर्थीला मोरगाव, श्रावणात भुलेश्वर, अशी तारखांची यादी निघण्यापूर्वी पंचांगात बघून घ्या.