फॉलो-अप सीटीची आठवण कोण ठेवणार: वही, शीट की सॉफ्टवेअर?

मुतखड्यासाठी पोटाचा सीटी होतो. खडा सापडतो, पण वरच्या दोन-चार कापांत फुप्फुसाच्या बुडाशी ७ मिमीची गाठही दिसते. फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या इमेजिंगमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७च्या सूचनांप्रमाणे अशा वेळी ३ ते १२ महिन्यांत छातीचा पूर्ण सीटी हवा. आपण रेडिओलॉजिस्ट ते रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत लिहितो. खडा पडून जातो आणि रिपोर्ट फिल्मसकट पिशवीतून कपाटावर. ती ओळ लक्षात ठेवायची कुणी?

वहीचं पटकन सांगतो. खर्च नाही, लाइट गेली तरी चालते. पण नोंदी आजच्या तारखेने होतात आणि मुदती येतात भलत्याच महिन्यांत. रोज पानं मागे उलटायला वेळ कुणाला आहे?

एक्सेलसारख्या शीटमध्ये मुदतीची तारीख वेगळ्या रकान्यात टाकली की या आठवड्यातले पेशंट एकदम वर येतात. दिवसाला दोन नोंदी धरल्या तर वर्षाला सहाशेच्या आसपास ओळी, एका माणसाला सहज पेलणाऱ्या. आमच्याकडे दोन वर्षं असंच चाललं. मग एकदा फक्त तारखांचा रकाना सॉर्ट झाला, बाकीचे जागच्या जागी राहिले, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचीच तारीख लागली. जुने रिपोर्ट काढून सगळं जुळवायला तीन रविवार गेले. आता शीट दोघांनाच उघडते आणि रोज संध्याकाळी तिची प्रत निघते.

सॉफ्टवेअरचे प्रकार दोन, आणि विक्रेते ते मुद्दाम एकत्र करून सांगतात. पहिल्यात रिपोर्ट साइन करतानाच रेडिओलॉजिस्ट 'कोणती तपासणी, किती महिन्यांनी' हे निवडतो आणि नाव यादीत जातं. चांगल्या आरआयएसमध्ये (रेडिओलॉजी विभागाच्या नोंदी-रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये) ही सोय असते. उणीव एवढीच, की संध्याकाळी साठावा रिपोर्ट उरकताना ते क्लिक राहून जातं.

दुसऱ्या प्रकारात एआय रिपोर्टचा मजकूर वाचून शिफारशी स्वतः शोधतो. ऐकायला झकास. एका डेमोला आम्ही नावं काढून आमचेच जुने रिपोर्ट दिले. 'फॉलो-अप केस ऑफ कार्सिनोमा ब्रेस्ट' अशी सुरुवात असलेला एकूण एक रिपोर्ट त्याने यादीत घातला, कारण 'फॉलो-अप' शब्द दिसला; तिथे त्याचा अर्थ स्तनाच्या कॅन्सरचा जुना पेशंट एवढाच, पुढच्या तपासणीची शिफारस नव्हे. उलट 'ॲडव्हाइस: रिव्ह्यू आफ्टर एटीटी' हे त्याच्या नजरेतून सुटलं. टीबीचा कोर्स संपल्यावर पुन्हा बघायचं, हे आपल्याकडच्या कुठल्याही टायपिस्टला कळतं. तारीख लिहिली नव्हती ही चूक मात्र आमची. मोघम रिपोर्टपुढे एआयही काय करणार?

खरी गोम पुढे आहे. अमेरिकेत मोठ्या हॉस्पिटलच्या एकाच सिस्टिममध्ये दुसरा स्कॅन झाला की नोंद आपोआप बंद होते. पेनसिल्व्हेनियात तर २०१८च्या कायद्याने गंभीर निष्कर्ष पेशंटला थेट २० दिवसांत कळवावे लागतात. आपला पेशंट दुसरा सीटी भावाच्या गावी करतो आणि आपल्या पडद्यावर त्याचं नाव लाल रंगात, म्हणजे बाकीच, राहतं. मग फोन करावाच लागतो. दिलेला नंबर भाच्याचा असतो, आणि तो म्हणतो, "मामांना आता बरं आहे, पुन्हा कशाला?" सेंटरवरून आलेला असा फोन गिऱ्हाईक ओढल्यासारखाही वाटतो. म्हणून आम्ही आधी पाठवणाऱ्या डॉक्टरांना कळवतो, आणि पेशंटला स्पष्ट सांगतो की तपासणी कुठेही करा, फक्त रिपोर्टचा फोटो पाठवा.

तेव्हा माझं मत असं. एक सेंटर, एक-दोन रेडिओलॉजिस्ट: शीट पुरे, वाचलेल्या पैशांतून फोन करणाऱ्या माणसाचा पगार वाढवा. तीन-चार शाखा असतील तर क्लिकवाली सोय. एआय फक्त मोठ्या हॉस्पिटलने बघावा, आणि तोही स्वतःच्या रिपोर्टांवर तपासून.

खरेदीआधी नोंद बंद करण्याचे पर्याय पाहा. 'झालं' आणि 'नाही झालं' एवढेच असतील तर घेऊ नका. 'दुसरीकडे केला', 'डॉक्टर नको म्हणाले', 'नकार', 'संपर्क नाही', 'मृत्यू' हे वेगवेगळे हवेत. शिवाय किडनीतल्या बॉस्निॲक २एफ सिस्टवर (नजर ठेवावी लागणाऱ्या गटातल्या पाण्याच्या गाठीवर) ५ वर्षं नजर ठेवायची असते आणि सॉफ्टवेअरचा करार बहुधा वर्षाचा. म्हणून पूर्ण यादी बाहेर काढायचं बटण डेमोतच दाबून दाखवायला सांगा, आणि निघालेली फाइल तिथेच उघडून पाहा.