शाळा सुटल्यावर: चालणं, पोहणं की मैदान?

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षी सुटते आणि तिच्याबरोबर कवायतही. मग दिवसा कार्यशाळेत बसून पाकिटं चिकटवायची, संध्याकाळी टीव्ही, आणि वजनाचा काटा वर. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांनाही जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये इतरांइतकंच माप लावलंय: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम.

चालायला पैसे लागत नाहीत, सोबत लागते. ती सोबत बहुतेक घरांत साठी उलटलेल्या आईची. वेग तिचा, आणि तिचे गुडघे धरले की मुलाचंही फिरणं बंद. म्हणून भाऊ, शेजारचा कॉलेजातला मुलगा, असा दुसरा कुणीतरी जोडीला बघाच. ‘अर्धा तास चाल’ हे त्याला कळेलच असं नाही. ‘मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येताना दूध आणायचं’ हे कळतं, आणि टिकतं.

वजन जास्त असेल तर पोहणं सांध्यांना सोपं. पण फिट येत असेल तर पाण्यात क्षणभरही नजर हटवून चालत नाही. डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. सूर मारणं आणि बटरफ्लायआधी डॉक्टरांना विचारा. आणि कुणी बोलत नाही ती अडचण: तिशीच्या मुलाला कपडे बदलायला मदत लागते, तेव्हा पुरुषांच्या खोलीत आई जाणार कशी?

मैदानाचं म्हणाल तर स्पेशल ऑलिम्पिक्स, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीचे खेळ आणि स्पर्धा. १९६८ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या या चळवळीत आठ वर्षांपुढे वयाची अट नाही, आणि लढत साधारण सारख्या कुवतीच्या खेळाडूंमध्येच लावतात. युनिफाइड प्रकारात अक्षमता नसलेले भिडूही त्याच संघात खेळतात. शाळेनंतर तुटलेली दोस्ती इथे परत मिळते, माझ्या मते पदकापेक्षा ती मोठी. मात्र बोचीसारख्या, चेंडू लक्ष्याजवळ घरंगळवायच्या खेळात दम फारसा लागत नाही. १५० मिनिटांचा हिशेब त्यावर भागणार नाही. सराव वर्षभर असतो की स्पर्धा जवळ आल्यावरच, हे आधी विचारा.

मी असते तर रोजचं चालणं पक्कं करून रविवारी मैदान धरलं असतं. ठरवण्याआधी त्याला दोन्हीकडे नेऊन आणा. नुसतं ‘हे की ते?’ विचारलं, तर पुष्कळदा शेवटी उच्चारलेलंच उत्तर म्हणून परत येतं.